वाचकांचे प्रश्न : पोटातल्या बाळाच्या कोणत्या तपासण्या करायच्या?

या वेळी आलेल्या पत्रांत सुरुवातीच्या सोनोग्राफी आणि ‘मार्कर’ तपासण्या (आईच्या रक्तावरून बाळात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता काढणाऱ्या) यांबद्दलचे प्रश्न सर्वांत जास्त होते, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. उत्तरे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि जनुकीय समुपदेशक यांनी मिळून लिहिली आहेत. सगळीकडे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले आहेत.

माझे वय २७, पहिलीच वेळ, सातवा आठवडा चालू आहे. डॉक्टरांनी आत्ता एक, तिसऱ्या महिन्यात एक आणि पाचव्या महिन्यात एक अशा तीन सोनोग्राफी आणि डबल मार्कर लिहून दिले आहे. सासूबाई म्हणतात, एवढ्या सोनोग्राफीने बाळाला त्रास होतो, आमच्या वेळी काही नव्हते. यातले काय टाळता येईल? — एक वाचक, कराड

सासूबाईंची काळजी आधी दूर करू. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, फक्त ध्वनिलहरी असतात. इतक्या वर्षांच्या वापरात साध्या सोनोग्राफीने बाळाला इजा झाल्याचे दिसलेले नाही. जपायचे ते डॉपलरला, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या आणि ठोके ऐकवणाऱ्या सोनोग्राफीला. पहिल्या काही आठवड्यांत डॉपलर लावून ठोके बराच वेळ ऐकवत बसू नये, कारण त्यात एकाच जागी जास्त ऊर्जा जाते. ठोके मोजायला ‘एम-मोड’, म्हणजे ठोक्यांचा नुसता आलेख, पुरतो. तुम्ही तसे सांगितलेत तर कोणताही जाणता सोनोलॉजिस्ट वाईट वाटून घेणार नाही.

पहिली सोनोग्राफी साडेसहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान करतात. गर्भ पिशवीतच आहे की नळीत अडकला आहे, एक आहे की जुळी, ठोके सुरू झाले का, आणि नेमके किती आठवडे झाले, एवढे तिच्यातून कळते. ती शक्यतो योनिमार्गातून करतात. त्यासाठी लघवी करून जायचे, प्रोबवर नवे आवरण घालतात, दुखत नाही. तुमची तयारी नसेल तर पोटावरूनही होते. मग मूत्राशय भरलेले लागते आणि चित्र थोडे कमी स्पष्ट येते. नकार द्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पाळी चुकल्या चुकल्या, पाचव्या आठवड्यात, धावत जाण्यात तोटाच जास्त. तेव्हा नुसती पिशवी दिसते, ठोके दिसत नाहीत, आणि ‘गर्भ वाढत नाही’ असे ऐकून घरी रडारड होते. ठोके नसलेला गर्भ ७ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल, किंवा २५ मिलिमीटरच्या पिशवीत गर्भच नसेल, तरच एका सोनोग्राफीवरून गर्भ गेल्याचे म्हणता येते. त्याहून लहान मापे असतील तर सात ते चौदा दिवसांनी पुन्हा बघायचे. पाळी उशिरा येणाऱ्या बाईचा गर्भ खरे तर आठवडाभर लहानच असतो. म्हणून पिशवी साफ करण्याच्या गोळ्या हातात पडल्या की आधी ही दोन मापे विचारा.

तुमची पाळी नियमित आहे, तारीख पक्की आठवते, पोटात दुखत नाही, अंगावरून जात नाही, आधी नळीत गर्भ राहिलेला नाही, दिवस औषधोपचाराने राहिलेले नाहीत: हे सगळे खरे असेल तर तीनांपैकी ही पहिली सोनोग्राफी टाळता येईल. एका बाजूला पोटात कळ येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मात्र आजच जा.

दुसरी सोनोग्राफी टाळू नका. ११ आठवडे पूर्ण झाल्यापासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच ती करता येते, बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असताना. एकच तपासणी परवडत असेल तर कोणती, असे आम्हाला कोणी विचारले तर आम्ही हीच सांगू. तारीख नक्की करायला ती चांगली. कवटी, पोटाची भिंत, मूत्राशय, हातपाय यांतले मोठे दोष इथेच दिसू लागतात. जुळी असतील तर दोघांची वार एक की वेगळी, हे याच वेळी सर्वांत स्पष्ट दिसते, आणि पुढची सगळी देखरेख त्यावर ठरते. मानेमागच्या द्रवाचे माप, म्हणजे एनटी, तेही यातच घेतात.

आणखी एक फायदा बायकांना सहसा कोणी सांगत नाही. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा प्रवाह आणि आईचा रक्तदाब त्याच वेळी पाहून पुढे बीपी वाढण्याचा धोका काढता येतो. धोका जास्त निघाला तर डॉक्टर रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देतात. ती सोळा आठवड्यांच्या आत सुरू करून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत घ्यायची असते. वेळेआधी बाळंतपण करायला लावणारा बीपीचा आजार यामुळे निम्म्याहून अधिक टळतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. सोळावा आठवडा उलटल्यावर सुरू केलेल्या गोळीचा तेवढा उपयोग होत नाही.

तिसरी, १८ ते २० आठवड्यांची, अवयवांची सविस्तर पाहणी. तीही करा. डबल मार्कर मात्र तुमच्या निर्णयाचा भाग आहे, त्याबद्दल पुढची उत्तरे वाचा. सोनोग्राफीला जाताना ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी न्या. तिथे ‘फॉर्म एफ’ भरून घेतात आणि ‘मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही’ यावर सही लागते. हे दर वेळी होते, त्यात तुमच्यावर संशय नसतो.

वय ३६, तेरावा आठवडा. एनटी १.४ मिलिमीटर, सोनोग्राफी चांगली आली. पण डबल मार्करमध्ये ‘डाउन सिंड्रोम १:१८०, हाय रिस्क’ असे लाल अक्षरात आले आहे. चार दिवस जेवण जात नाही. एक डॉक्टर एनआयपीटी म्हणतात, दुसरे थेट पोटातले पाणी काढा म्हणतात. नणंद म्हणते, डबल मार्करच पुन्हा दुसऱ्या लॅबमध्ये करून बघ. — एक वाचक, पुणे

डाउन सिंड्रोम म्हणजे एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारा, बुद्धीची वाढ मंद करणारा जन्मजात दोष. आधी आकडा नीट वाचू. असाच निकाल आलेल्या १८० बायका एका रांगेत उभ्या केल्या, तर त्यांतल्या एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल आणि १७९ जणींच्या बाळांना नसेल. बहुतेक प्रयोगशाळा १:२५० ही रेघ धरतात. त्याअलीकडचे सगळे लाल अक्षरात छापले जाते, मग ते १:२४० असो की १:५. शिवाय छत्तिसाव्या वर्षी, काहीही तपासले नाही तरी, जन्मवेळी ही शक्यता साधारण तीनशेत एक असते. विसाव्या वर्षी ती दीड हजारात एक असते आणि चाळिसाव्या वर्षी शंभरात एक. तुमच्या अहवालातला बराचसा लाल रंग वयाचा आहे.

आता अहवाल समोर घ्या आणि पाच गोष्टी पडताळा. पहिली, धोका ‘फक्त रक्तावरून’ काढला आहे की एनटी धरून. प्रयोगशाळेला एनटीचे माप कळवलेच नसेल तर ती रक्तातल्या दोन घटकांवर आणि वयावर हिशेब करते, आणि चाचणी बरीच दुबळी होते. एनटी धरून केलेली चाचणी डाउन सिंड्रोमची शंभरातली ८५ ते ९० बाळे हेरते. आपल्याकडे ही चूक वारंवार होते. दुसरी, सोनोग्राफीची तारीख आणि बाळाची लांबी बरोबर लिहिली आहे का. तिसरी, तुमचे वजन. जाड बाईच्या रक्तात हे घटक पातळ होतात, म्हणून वजन चुकले की आकडा चुकतो. चौथी, मधुमेह, जुळी, आयव्हीएफ यांची नोंद. दुसऱ्या स्त्रीचे बीज वापरले असेल तर तिचे वय लागते. पाचवी, नमुना कसा गेला. रक्त वेगळे न करता उन्हाळ्यात तसेच कुरिअरने पाठवले तर बीटा एचसीजी हा घटक खोटाच वाढलेला दिसतो, आणि तो वाढला की धोका वाढतो. यात कुठे चूक सापडली तर प्रयोगशाळेला त्याच नमुन्यावर नवा हिशेब करून मागा.

माहिती बरोबर असेल तर मात्र डबल मार्कर पुन्हा करू नका, आणि ‘खात्रीसाठी’ सोळाव्या आठवड्यात क्वाड्रुपल, म्हणजे रक्तातल्या चार घटकांची तशीच तपासणी, तीही करू नका. दोन अंदाज एकमेकांवर रचल्याने खात्री होत नाही, खोट्या भीतीची शक्यता तेवढी वाढते.

तुमच्यापुढे खरे तीन मार्ग आहेत. पहिला, इथेच थांबणे. १८० पैकी १७९ हे प्रमाण तुम्हाला पुरेसे वाटत असेल तर तोही शहाणपणाचा निर्णय आहे.

दुसरा, एनआयपीटी. आईच्या दंडातून रक्त काढून त्यात मिसळलेले वारेचे डीएनए वाचतात. दहा आठवड्यांनंतर कधीही करता येते आणि बाळाला काहीच धोका नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी शंभरातली ९९ ती पकडते, आणि हजार निरोगी बाळांमागे साधारण एकाला चुकून ‘आहे’ म्हणते. तुमच्यासारखा धोका असलेल्या बाईचा निकाल ‘लो रिस्क’ आला तर शक्यता दहा हजारात एकाहूनही खाली जाते. ‘हाय रिस्क’ आला, तरी तो पुरावा होत नाही. समजा, दहा हजार तरुण बायकांनी ही चाचणी केली आणि त्यांच्यात दहाच बाळांना डाउन सिंड्रोम आहे. ती दहा सापडतील, आणि त्यांच्याबरोबर दहाएक निरोगी बाळांवरही शिक्का बसेल. म्हणजे घाबरलेल्या दर दोघींपैकी एकीचे बाळ ठणठणीत असते. वय आणि आधीचा धोका वाढतो तसा हा घोळ कमी होतो, पण संपत नाही, कारण वाचलेले डीएनए वारेचे असते आणि क्वचित वारेत दोष असून बाळात नसतो. नुसत्या एनआयपीटीवर गर्भपात कधीही करायचा नाही. कधी कधी ‘निकाल आला नाही’ असेही कळवतात. रक्तात वारेचे डीएनए साधारण ४ टक्क्यांहून कमी असले की असे होते, बहुधा वजन जास्त असल्याने किंवा रक्त फार लवकर घेतल्याने. तेव्हा रक्त पुन्हा द्यायचे आणि डॉक्टरांशी बोलायचे. खर्च मोठा आहे, दहा हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून जास्त, आणि गावागावांत फरक पडतो.

तिसरा, पोटातले पाणी तपासणे, म्हणजे ॲम्निओसेंटेसिस. निश्चित उत्तर हेच देते. सोळाव्या आठवड्यापासून करतात. सोनोग्राफीत बघत बारीक सुई घालून १५ ते २० मिलिलिटर पाणी घेतात, तेवढे पाणी लवकरच पुन्हा तयार होते. नेहमी हे काम करणाऱ्या हातांत यामुळे गर्भ जाण्याचा धोका दोनशेत एक किंवा त्याहूनही कमी असतो. एक दिवस जड काम टाळायचे, महिनाभर पलंगावर पडून राहण्याची गरज नाही. पाणी झिरपले, ताप आला, रक्त गेले किंवा पोटात कळा आल्या तर लगेच कळवायचे. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागते. हे तिथे स्वतःहून सांगा. झटपट तपासणीचा निकाल तीन-चार दिवसांत येतो, पूर्ण गुणसूत्रांचा दोन ते तीन आठवड्यांत.

तुमचे एनटी आणि सोनोग्राफी चांगली असल्यामुळे आमचा कौल एनआयपीटीकडे आहे. आज रक्त दिले तर सात ते दहा दिवसांत निकाल येईल आणि तो वाईट आलाच तर सोळाव्या आठवड्यात पाणी तपासायला वेळ उरेल. एनटी ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असते, किंवा सोनोग्राफीत एखादा दोष दिसला असता, तर आम्ही एनआयपीटीचा सल्ला दिला नसता. तेव्हा एनआयपीटी शोधत नाही असे आजारही असू शकतात, म्हणून थेट वारेचा किंवा पाण्याचा नमुना घेऊन मायक्रोॲरे, म्हणजे गुणसूत्रांतले बारीक बदल शोधणारी तपासणी, करतात, आणि पुढे बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी.

आम्ही दोघांनी ठरवले आहे की देव देईल ते बाळ आमचे. मग या तपासण्यांना अर्थ आहे का? नकार दिला तर डॉक्टर रागावतील का? — एक जोडपे, रत्नागिरी

नकार देता येतो, आणि तो देताना कोणाची माफी मागावी लागत नाही. डबल मार्कर, क्वाड्रुपल, एनआयपीटी या ऐच्छिक तपासण्या आहेत. ‘समजून घेतले, करायचे नाही’ असे फाइलवर लिहून घ्यायला सांगा, म्हणजे दर भेटीला तोच विषय निघणार नाही. एक मात्र आधीच स्पष्ट करा: तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत एनटी आणि नाकाचे हाड आपोआप दिसते. त्याबद्दल ऐकायचे आहे की नाही, हे आत जाण्यापूर्वी सांगा. नको असलेली बातमी टेबलावर पडल्या पडल्या ऐकणे फार कठीण जाते.

पण सोनोग्राफी सोडू नका, असे आम्ही आग्रहाने सांगू. बाळ ठेवायचेच आहे, म्हणूनच सांगतो. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या उलट्या जोडल्या गेलेले बाळ जन्मल्यावर काही तासांत निळे पडते. प्रोस्टाग्लँडिनचे औषध लगेच सुरू झाले आणि पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली तर ते वाचते, पुढे शाळेत धावतेही. विसाव्या आठवड्यातच हे कळले तर बाळंतपण मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या शहरात ठरवता येते. रत्नागिरीहून निळे पडलेले तान्हे घाट चढवून नेण्यात आणि आईच्या पोटातच त्याला तिथे नेण्यात किती अंतर आहे, ते तुम्हीच जाणता. पोटाच्या भिंतीतून आतडी बाहेर असलेले बाळ, लघवीचा मार्ग अडलेला मुलगा, पाठीच्या कण्याला भेग असलेले बाळ, या सगळ्यांना जन्माच्या जागेची आधी तयारी असण्याचा फायदा होतो.

डाउन सिंड्रोमबद्दलही एक विचार करून ठेवा. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. थायरॉइड, ऐकू येणे, दृष्टी यांच्या तपासण्या लवकर सुरू झाल्या तर ती पुढे बरेच काही शिकतात. म्हणून काही आईवडील फक्त तयारीसाठी एनआयपीटी करून घेतात आणि काही जन्मानंतर कळले तर कळले असे ठरवतात. आम्ही दोघांचाही तितकाच मान राखतो.

अमेरिकेतल्या बहिणीला रक्ताच्या तपासणीत दहाव्या आठवड्यातच मुलगा की मुलगी ते सांगितले. आम्ही तीच तपासणी केली, पण अहवालात तो रकानाच नाही. — एक वाचक, ठाणे

एनआयपीटीच्या अहवालातला तो रकाना आपल्याकडे कायद्याने बंद आहे. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये स्वतःचा कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा, आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. सांगणाऱ्या डॉक्टरला पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि विचारणाऱ्या नातेवाइकालाही. रक्त परदेशी पाठवून उत्तर मिळवण्याच्या जाहिरातींच्या नादी लागू नका. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठणे) किंवा ड्युशेन (स्नायू दुबळे होत जाणे) यांसारखा, मुख्यतः मुलग्यांत दिसणारा आजार घराण्यात असेल तर कायद्यात त्या तपासणीला वाट आहे. ती जनुकीय समुपदेशन केंद्रातून, नोंद ठेवूनच होते.

नववा आठवडा. रक्ततपासणीत एचबीए२ ५.२ टक्के आणि ‘बीटा थॅलेसेमिया ट्रेट’ असे आले. हिमोग्लोबिन ९.८. पती म्हणतात, मी धडधाकट आहे, मला कशाला तपासणी? लोहाच्या गोळ्या दुप्पट केल्या आहेत. — एक वाचक, उल्हासनगर

पतींनी उद्या सकाळीच रक्त द्यावे. या सदरातल्या सगळ्या उत्तरांत घाई असेल तर ती इथे आहे. ‘ट्रेट’ म्हणजे तुम्ही थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहक आहात, आजारी नाही. वाहक माणूस धडधाकटच असतो, तुम्हीही आहात. पतींची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी), दोन्ही करा. नुसते हिमोग्लोबिन चांगले आले म्हणून सुटका होत नाही. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर एचपीएलसी फसवते, तेव्हा तसे सांगा.

ते वाहक नसतील तर विषय संपला. बाळ वाहक होण्याची शक्यता निम्मी, पण आजारी होणार नाही. तेही वाहक निघाले तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे बाळाला सहसा पहिल्या दोन वर्षांच्या आतच रक्त लागू लागते आणि मग जन्मभर दोन ते चार आठवड्यांनी. पतींकडे सिकलसेलचे (रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे) वाहकत्व निघाले, तरीही चारात एक शक्यता गंभीर आजाराची असते, हे विदर्भातल्या आणि खानदेशातल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावे. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली कुटुंबांत बीटा थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात, तरी कोणत्याही समाजाने आपण सुटलो असे मानू नये.

दोघेही वाहक असाल तर पुढचा क्रम असा. आधी तुम्हा दोघांच्या रक्तातून नेमका जनुकीय बदल शोधतात, याला काही दिवस लागतात. तो हाती असेल तरच बाळाचा नमुना वाचता येतो. मग ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेतात, त्याला सीव्हीएस म्हणतात. आत्ताचे दोन आठवडे हातचे गेले तर मग सोळाव्या आठवड्यापर्यंत पाण्याच्या तपासणीची वाट पाहावी लागेल. एनआयपीटी करून हे काम भागत नाही, नेहमीची एनआयपीटी थॅलेसेमिया शोधतच नाही.

लोहाच्या गोळ्या स्वतःहून दुप्पट करू नका. वाहकाचे हिमोग्लोबिन लोह भरपूर असूनही थोडे कमी राहते. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा, ते कमी असेल तरच जास्त लोह. फोलिक ॲसिड चालू ठेवा. खरे तर ही रक्ततपासणी लग्नानंतर, दिवस राहण्याआधीच व्हायला हवी. ती स्वस्त आहे, आयुष्यात एकदाच पुरते, आणि तरीही एनआयपीटीची चौकशी करणाऱ्या दहा जोडप्यांत हिची चौकशी एखादेच करते, याची आम्हाला खंत वाटते.

आम्ही धडगाव (नंदुरबार) भागातले. सून सतराव्या आठवड्यात आहे, तिसऱ्या महिन्याची सोनोग्राफी राहून गेली. आता काय उपयोग? — एक सासू

अजून बरेच करता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते माता-बाल संरक्षण कार्डावर बघा. नसेल तर या आठवड्यात सुनेची करा, आणि ती वाहक निघाली तर मुलाचीही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांची मोफत तपासणी असते, तिथे आशाताईंना बरोबर घेऊन जा. अवयवांच्या सोनोग्राफीसाठी एकोणिसावा आठवडा धरून आत्ताच वेळ घ्या, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन नंबर लागेपर्यंत आठवडा जातो.

डाउन सिंड्रोमचा अंदाज हवाच असेल तर क्वाड्रुपल मार्कर १५ ते २० आठवड्यांत होते. ती शंभरातली साधारण ८० बाळे ओळखते. रक्त देण्याआधी आठवडे सोनोग्राफीने नक्की करून घ्या. पाळीची तारीख अंदाजाने सांगितली तर सगळा निकालच चुकतो. पैशाची ओढाताण असेल तर आम्ही आधी सोनोग्राफीवर खर्च करायला सांगू.

एकोणिसाव्या आठवड्याच्या अहवालात ‘हृदयात पांढरा ठिपका’ लिहिले आहे. हृदयाला भोक आहे का? — एक वाचक, सोलापूर

नाही. हृदयाच्या आतल्या स्नायूवर चुन्यासारखा चमकणारा तो ठिपका आहे, कामात काही बिघाड नाही. आशियाई बाळांत तो सर्रास दिसतो. बाकी सगळे अवयव चांगले असतील आणि आधीची मार्कर तपासणी किंवा एनआयपीटी ‘लो रिस्क’ असेल तर पुढे काहीच करायचे नाही. मार्कर तपासणी काहीच झाली नसेल तर डॉक्टरांशी एकदा बोला.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचा एक पाय वाकडा, ‘क्लबफूट’, असे आले. घरातले म्हणतात, अजून वेळ आहे, मोकळी हो. मला ठरवता येत नाही. मुदत नक्की किती? — एक वाचक, लातूर

वाकडे पाऊल बरे होते. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, साधारण पाच ते सात वेळा. बहुतेक मुलांत शेवटी टाचेमागचा स्नायुबंध बारीक छेद देऊन सैल करतात. मग तीन महिने जवळजवळ दिवसभर खास बूट आणि पट्टी, त्यानंतर चौथ्या वर्षापर्यंत फक्त झोपताना. अपयश येते ते बहुधा बूट मधेच सोडल्यामुळे. असे मूल चालते, पळते, खेळते.

पण आधी हे खात्रीने कळायला हवे की दोष एकट्या पायाचाच आहे. या आठवड्यात गर्भवैद्यक तज्ज्ञाकडून पुन्हा सोनोग्राफी करा: पाठीचा कणा, दुसरे सांधे, हातांची बोटे हलतात का, मेंदू, हृदय. आणखी काही आढळले तर पाण्याची तपासणी आणि मायक्रोॲरेचा विचार करतात. पुढे काहीही ठरवण्याआधी मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांशी अर्धा तास बोला. पायांवर उपचार करणारा माणूस काय सांगतो ते ऐकल्यावर घरातल्यांचे बोलणेही बदलू शकते.

मुदतीचे असे आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात होतो. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि नियमांत दिलेल्या ठरावीक परिस्थितीतच परवानगी असते. बाळातला गंभीर दोष त्यांत मोडतो. २४ आठवड्यांनंतर फक्त मोठ्या व्यंगासाठी आणि वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत निर्णय द्यायचा असतो. म्हणजे तुमच्याकडे दुसरे मत घ्यायला आणि शांतपणे विचार करायला वेळ आहे. उद्याच्या उद्या निर्णय हवा, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

आणि सही तुमची लागते. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला कायद्याने फक्त तिची स्वतःची संमती हवी असते. पतीची किंवा सासरची सही कायदा मागत नाही, आणि तुमच्या सहीशिवाय कोणी तो करूही शकत नाही. दुसऱ्या सोनोग्राफीला जाताना पहिला अहवाल, फिल्म आणि रक्ताचे सगळे कागद बरोबर न्या, आणि तज्ज्ञांना एकट्याने भेटायचे असेल तर तसे आत गेल्यावर सांगा. ते बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगतील.